पगाराचा टेकू काढताना

मराठीत ‘वरकमाई’ हा शब्द बदनाम आहे. कचेरीत टेबलाखालून येणारा पैसा, एवढाच त्याचा अर्थ लोकांच्या मनात उरला. ‘जोडधंदा’ हा शब्द शेतकऱ्याच्या वाट्याला गेला. गाई-म्हशी, कोंबड्या आणि रेशमाचे किडे यांच्याविषयीच्या सरकारी पत्रकांत तो अजून भेटतो. मग शाळा सुटल्यावर दोन तास शिकवण्या घेणारा मास्तर, बायकोच्या नावावर विम्याची एजन्सी चालवणारा कारकून, रात्री जागून दुकानदारांच्या हिशेबवह्या लिहिणारा बँकेतला कॅशियर, यांच्या उद्योगाला नाव काय? नाव नव्हतेच. “संध्याकाळचं थोडं काम असतं,” एवढे सांगून विषय बदलला जाई. नोकरी ही ओळख होती. बाकीचे उद्योग संसाराची गरज होती आणि गरज चारचौघांत सांगायची नसते, अशी रीत होती.

ती रीत आता उरलेली नाही. नोकरी सांभाळून कोणी भाषांतरे करतो, कोणी इमारतींचे नकाशे संगणकावर काढून देतो, कोणी लग्नांची छायाचित्रे काढतो, कोणी परदेशातल्या मुलांना पडद्यावरून गणित शिकवतो. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतही हे उजळ माथ्याने चालते. चांगले चालू लागले की लग्नकार्यात भेटणारा एखादा हितचिंतक विचारतोच, “मग नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच का करत नाहीस?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे धैर्याच्या भाषेत दिले जाते. उडी मारणारा शूर, न मारणारा भित्रा. व्याख्यानांतून आणि यशोगाथांतून हेच ऐकवले जाते. मराठी माणूस धंद्यात मागे का, या जुन्या चर्चेचीही त्याला फोडणी मिळते. वास्तविक हा प्रश्न धैर्याचा असण्याआधी हिशेबाचा आहे आणि हिशेब नीट मांडला की तो एकट्या माणसाचा राहत नाही. अंधारात उडी मारणाऱ्याचे कौतुक करण्यापूर्वी खाली काय आहे, हे एकदा पाहून घ्यायला हवे.

मानधनाची संस्कृती

पगाराच्या आधारावर दुसरे काम करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आणि मोठी आहे. आपल्या साहित्याचा, रंगभूमीचा आणि चित्रकलेचा फार मोठा भाग त्या आधारावर उभा राहिला. वसंत सरवटे यांनी मराठी व्यंगचित्रकलेत जे काम केले, ते सिमेंट कंपनीतील स्थापत्य अभियंत्याची नोकरी सांभाळून. अमोल पालेकर चित्रपटांत येण्यापूर्वी बँकेत नोकरीला होते. प्रायोगिक नाटकांच्या तालमी संध्याकाळी सातनंतर सुरू होत, कारण नटमंडळी बँकांतून, विमा कंपन्यांतून आणि सरकारी खात्यांतून सुटून येत. संस्थाने गेली आणि राजाश्रय संपला. त्याची जागा नकळत महिन्याच्या पगाराने घेतली.

या आश्रयाची एक किंमत होती आणि ती ‘मानधन’ या शब्दात दडलेली आहे. मान अधिक आणि धन कमी, असा तो व्यवहार. दिवाळी अंकातली कथा, आकाशवाणीवरचे भाषण, स्मरणिकेचे मुखपृष्ठ, या कामांचा मोबदला किती, हे आधी विचारणे असभ्य मानले जाई. देणाराही निर्धास्त असे, कारण घेणाऱ्याची चूल त्या पैशावर पेटत नाही हे त्याला ठाऊक असे. कामाचे मोल कामावरून ठरत नव्हते. करणाऱ्याला त्या पैशाची गरज नाही, या गृहीतावर ते ठरत होते.

हा आश्रय सोडून जाणारेही झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरीत असतानाच त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा तो जोडधंदा. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पण बेळगावात दुकान आधीच उभे होते. पुढचे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी आपण अभिमानाने सांगतो. नोकरीच्या काळात चाललेल्या दुकानाचा उल्लेख मात्र ओझरता होतो. डॉ. श्रीराम लागू १९६९ साली ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून पूर्ण वेळ व्यावसायिक नट झाले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून त्यांचे शिक्षण आणि अनुभव पक्का होता, आणि रंगमंचाची त्यांची साधनाही काही त्या वर्षी सुरू झालेली नव्हती. या माणसांचे धैर्य मोठे होते यात शंका नाही. पण त्यांनी सोडले तेव्हा दुसरा पाय कुठे तरी टेकलेला होता, हेही तितकेच खरे.

पंचाहत्तर हजारांचे तीस हजार

आता एक साधा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. वाचकाने त्या जागी स्वतःचे घालावेत. समजा, एक बाई खासगी कंपनीत नोकरी करते आणि सगळी कपात होऊन तिच्या हातात महिना ५० हजार रुपये येतात. मूळ वेतन २५ हजार. संध्याकाळी अडीच तास बसून ती इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करते. दर शब्दाला दीड रुपया. एका बैठकीत ६०० शब्द होतात, म्हणजे ९०० रुपये. महिन्यात वीस संध्याकाळी मिळाल्या की १८ हजार. दोन वर्षे हे नीट चालले. कामाला नाव झाले, नवे काम नाकारायची वेळ येऊ लागली.

एके दिवशी ती कागद घेऊन बसते. अडीच तासांत ६०० शब्द होतात, तर आठ तासांत सुमारे दोन हजार होतील. दिवसाला तीन हजार रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७५ हजार! नोकरीच्या दीडपट आणि लोकलचा धक्का नाही, साहेबाचा तोरा नाही. राजीनाम्याचे पत्र त्या रात्रीच मनात लिहून होते.

या हिशेबात गुणाकार बरोबर आहे. गृहीते चुकली आहेत. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ रविवार वजा केले की ३१३. दिवाळी, गणपती आणि इतर सणांचे वीस गेले, उरले २९३. स्वतःचे आजारपण, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्ये, गावची जत्रा यांचे तेवीस धरले तर २७०. या २७० दिवसांतला तिसरा हिस्सा नवे काम शोधणे, नमुने करून पाठवणे, दराची घासाघीस, झालेल्या कामातल्या दुरुस्त्या, बिले पाठवणे आणि थकलेल्या बिलांसाठी फोन करणे यांत जातो. या कामांचे पैसे कोणी देत नाही. नोकरीत ती करायला विक्री विभाग, लेखा विभाग आणि शिपाई असतो. इथे तिन्ही भूमिका एकटीलाच वठवायच्या असतात. ज्यांचे बिल करता येईल असे दिवस उरले १८०. रोजचे तीन हजार म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार.

खर्च यातूनच निघायचे आहेत. भविष्यनिर्वाह निधीत तिचे बारा टक्के आणि मालकाचे बारा टक्के मिळून वर्षाला ७२ हजार जमत होते. ती बचत चालू ठेवायची तर आता दोन्ही वाटे तिचेच. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या हिशेबाने सुमारे १४ हजार ४०० रुपये. कुटुंबाचा आरोग्यविमा ३० हजार धरू. संगणक, त्याची दुरुस्ती, इंटरनेट, वीज आणि बसायची जागा यांचे ६० हजार. एकूण १ लाख ७६ हजार ४००. वजाबाकी केली की ३ लाख ६३ हजार ६०० उरतात; म्हणजे महिना तीस हजार तीनशे रुपये. कागदावर दिसलेले पंचाहत्तर हजार प्रत्यक्षात तीस हजारांवर आले.

यात तिचे काम वाईट नाही की तिच्या मेहनतीत खोट नाही. खोट दरात आहे. दीड रुपया हा दर तिला परवडत होता, कारण तिचा दवाखाना, म्हातारपण, रजा आणि घरभाडे दुसरीकडून निघत होते. त्या दराखाली पगाराचा टेकू होता. पूर्वीइतकेच निव्वळ ५० हजार हाती यायचे असतील, तर दिवसाला सुमारे ४ हजार ३०० रुपये पडायला हवेत, म्हणजे शब्दाला किमान दोन रुपये पंधरा पैसे. नोकरदार आपला रोज पगाराला तीसने भागून काढतो. पन्नास हजारांचे १ हजार ६६७ येतात. मुक्त व्यवसायात उतरताना तो आकडा अडीचपटीहून वर न्यावा लागतो, हे फार थोड्यांना आधी कळते. बहुतेकांना ते दीड-दोन वर्षांनी, बँकेचे पुस्तक पाहताना कळते.

दर पाडणारे आपणच

पण ती दर वाढवायला निघाली की समोर कोण उभे असते? दोन वर्षांपूर्वीची ती स्वतःच. नोकरी सांभाळून संध्याकाळी दीड रुपयाने काम करायला तयार असलेल्या दुसऱ्या कोणाच्या रूपात ती तिथे असते. गिऱ्हाईक म्हणतो, “बाई, दीडमध्ये करणारे आहेत की.” आणि ते खरेही असते. जोडधंदा करणाऱ्यांची संख्या जितकी वाढेल, तितके त्याच व्यवसायावर पूर्ण वेळ जगणाऱ्यांचे अवघड होत जाते. शिकवण्या, छायाचित्रण, संगीताचे वर्ग, लेखन या सगळ्या क्षेत्रांत हा पेच आहे. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. टेकू असलेला आणि टेकू नसलेला एकाच बाजारात, एकाच दराने उभे आहेत, एवढेच.

भाषांतराच्या क्षेत्रात यंत्राची भर पडली आहे. २०१७ साली गूगलने मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी नव्या पद्धतीचे यंत्रभाषांतर आणले. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर त्याच जातीची आणखी साधने. आता पुष्कळ ठिकाणी माणसाकडे येणारे काम असे असते: यंत्राने केलेला मजकूर तपासून द्या, दर अर्धा. यंत्राचे वाक्य मोडून नव्याने लिहिण्यात कधी कधी स्वतः करण्याहून अधिक वेळ जातो, हे ज्याने केले त्यालाच माहीत. आज भरपूर येणारे काम पाच वर्षांनी त्याच रूपात येईल, असे धरून चालता येत नाही. नोकरीतही ही हमी उरलेली नाही, असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. पण नोकरीत निदान नोटिशीचा महिना तरी असतो.

कोणाला परवडते?

थोडे दूरून पाहिले तर या चर्चेतला मध्यमवर्गीय सूर आपल्याच कानाला खटकतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारी आहेत आणि नियमित पगारदार जेमतेम २१.७ टक्के. म्हणजे चाकरमान्याला जे साहस वाटते, ते निम्म्याहून अधिक देशाचे रोजचे जगणे आहे. भाजीवाली, रिक्षावाला, शिंपी आणि गवंडी यांना कोणी ‘तू स्वतंत्र झालास’ म्हणून हार घातलेला नाही.

आपल्या शहरी कहाण्यांतला दुसरा एक टेकूही सहसा सांगितला जात नाही. नोकरी सोडून यशस्वी झालेल्यांपैकी अनेकांच्या घरी दुसरा पगार चालू असतो, किंवा राहती जागा आईवडिलांनी घेतलेली असते. नवऱ्याच्या नोकरीवर बायकोचा उद्योग उभा राहिला की लोक त्याला ‘वेळ बरा जातो’ म्हणतात आणि बायकोच्या नोकरीवर नवऱ्याचा उभा राहिला की त्याला ‘धाडस’ म्हणतात. भाड्याच्या घरात राहणारा, गावी पैसे पाठवणारा, घराण्यातला पहिला शिकलेला मुलगा हुशारीने कमी नसतो. पण त्याच्या चुकीला माफी नसते. एकाचे पडलेले वर्ष ‘अनुभव’ ठरते, तर दुसऱ्याचे कर्ज.

कधी कधी निवड करायला वेळही मिळत नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या कचाट्यातून काढून बँकेच्या दारात नेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्या घरांत नवऱ्याचा पगार गिरणीतून येत होता, त्या घरांत आतापर्यंतची जोडकमाई एकाएकी सगळी कमाई झाली. आणि जेवणाऱ्यांचाही पगार त्याच गिरणीतून येत होता! नोकरी आणि जोडधंद्याचे गिऱ्हाईक एकाच फांदीला लटकलेले असले, की फांदी मोडताना दोन्ही एकदम खाली येतात. आज संगणक कंपनीत काम करून संध्याकाळी दुसऱ्या संगणक कंपनीचे काम करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. मंदी येते तेव्हा ती दिवस आणि संध्याकाळ असा भेद करत नाही.

मालकांची दुटप्पी नीती

२०२२ साली ‘मूनलायटिंग’ हा शब्द वर्तमानपत्रांत गाजला. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी अशा दुहेरी कामाला सरळ फसवणूक म्हटले आणि स्पर्धक कंपन्यांचे काम करताना आढळलेल्या तीनशे जणांना काढल्याचे सांगितले. त्याच वर्षी स्विगीने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांना अटींसह बाहेरचे काम करण्याची मुभा दिली. नोकरी करतानाच स्पर्धकाचे काम करणे गैर आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातही एकाच दिवशी दोन कारखान्यांत राबण्याला मनाई होती. थकलेला हात यंत्रात जातो, ही व्यवहारी समज त्यामागे होती. सरकारी नोकरांना खासगी धंद्यासाठी वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगी लागते.

पण या वादात एक विसंगती झाकली गेली. माणूस आमच्याशी एकनिष्ठ हवा, असे म्हणणारे उद्योगच आपली अधिकाधिक कामे कंत्राटावर आणि सुट्या तत्त्वावर देऊ लागले आहेत. नोकराने दुसऱ्याचे काम करायचे नाही. आणि बाहेरच्याने मात्र आपल्याला हवे तेव्हाच, हवे तेवढेच काम करून भविष्यनिर्वाह निधीचे नाव काढायचे नाही. निष्ठा हवी, पण जबाबदारी नको. निती आयोगाने २०२२ च्या अहवालात अशा सुट्या, ‘गिग’ पद्धतीने काम करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. ही वाढ केवळ स्वातंत्र्याच्या ओढीने होते आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल.

कायदा आहे, पण…

मुक्त व्यवसाय करणाऱ्याचे खरे दुखणे कोणते, असे विचारले तर तो कामाच्या टंचाईआधी थकलेल्या बिलांची गोष्ट काढतो. यावर कायदा नाही असे नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, चक्रवाढ व्याज द्यावे लागते. सेवा देणारा एकटा माणूसही २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी करून या कायद्याच्या छत्राखाली येऊ शकतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही तरतूद आली की अशा उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येणार नाही.

कागदावर हे उत्तम आहे. पण चार मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकावर तक्रार दाखल करून उरलेल्या तिघांच्या कानावर आपले नाव जाऊ द्यायचे, हे कोण करील? नोकरीत संघटना असते, निदान सहकारी असतात. इथे प्रत्येक जण आपापल्या घरात, आपापल्या टेबलाशी एकटा असतो. म्हणून मिटवून घेणे, पुढच्या कामाच्या आशेवर मागचे सोडून देणे, हेच घडते. कराराचेही तसेच. आपला स्वामित्वहक्क कायदा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाला किंवा भाषांतरकाराला त्याच्या कृतीचा पहिला मालक मानतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. नोकराला हे संरक्षण नाही, कारण नोकरीचा भाग म्हणून केलेले काम सहसा मालकाचे ठरते. स्वातंत्र्याबरोबर मिळणारी ही खरी मालमत्ता आहे. पण ‘सर्व हक्क कायमचे आमचे’ असे छापलेल्या कागदावर न वाचता सही करून ती पहिल्याच दिवशी देऊन टाकली जाते.

डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांचा धडा

इथवर एकट्याचा हिशेब झाला. पण पगाराबरोबर येणारे संरक्षण मालकाच्या दानतीतून आलेले नव्हते. भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, ग्रॅच्युइटी यांच्यामागे कायदे आहेत आणि कायद्यांमागे चळवळी आहेत. मग एकच मालक नसलेल्याला ते मिळू नये, असा काही निसर्गनियम आहे काय?

याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. बाजारात ओझी वाहणारा माथाडी सकाळी एका व्यापाऱ्याच्या गोण्या उतरवी, दुपारी दुसऱ्याच्या. तो कोणाचाच नोकर नव्हता, म्हणून त्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला. त्यातली युक्ती साधी होती. कामगार आणि व्यापारी दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची. आणि मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार यांची व्यवस्था पाहायची. मालक अनेक असले तरी चालेल, प्रत्येकाने आपल्या वाट्याचा हिस्सा टाकायचा. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, माथाडींच्या नावावर खंडणी उकळल्याच्या तक्रारीही झाल्या. तरी मूळ कल्पना खोटी ठरत नाही. जर्मनीत १९८३ पासून स्वतंत्र कलावंत, लेखक आणि पत्रकारांसाठी अशीच योजना चालू आहे. विम्याचा निम्मा हप्ता कलावंत भरतो. उरलेला निम्मा त्याचे काम वापरणाऱ्या संस्था आणि सरकार मिळून भरतात. आपल्या हमालांनी तत्पूर्वी चौदा वर्षे हे मिळवले होते!

अलीकडचा केंद्राचा कायदा या दिशेने अर्धे पाऊल टाकतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग’ कामगाराची व्याख्या प्रथमच आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली. अॅपच्या माध्यमातून काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची आहे. व्याख्या व्यापक आहे; मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणारा कोणीही तीत बसू शकतो. पण पैसे द्यायची सक्ती आहे ती अॅपवाल्या कंपनीवर. आपली भाषांतरकार बाई थेट प्रकाशकाकडून, जाहिरात संस्थेकडून किंवा बँकेकडून काम घेते. व्याख्येत ती आहे, निधीत तिच्या नावाचा पैसा कोणी टाकायचा हे कुठेच लिहिलेले नाही. तिच्यासारख्यांची बळकट संघटना नाही. पांढरपेशा माणसाला आपण कामगार आहोत हे मान्य करायला जड जाते, हे त्याचे मोठे कारण.

म्हणून राजीनाम्याचे पत्र लिहून खिशात ठेवलेल्या माणसाला परावृत्त करायचे कारण नाही. फक्त ते साहेबाच्या टेबलावर ठेवण्याआधी त्याने काही गोष्टी नोकरीत असतानाच करून पाहाव्यात. टेकू काढल्यावर लागणारा दर आजच मागावा आणि तो देणारी गिऱ्हाइके किती उरतात ते वर्षभर पाहावे. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून अधिक उत्पन्न असेल तर तो व्यवसाय मानू नये; ती रजा नसलेली नोकरी आहे. घरकर्ज, विमा अशा पगाराची चिठ्ठी मागणाऱ्या गोष्टी आधी उरकाव्यात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, कारण पहिली बिले यायलाच तीन महिने जातात आणि आलेल्या बिलातूनही बहुधा दहा टक्के कर कापलेला असतो. देणे नसेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावर. आणि हे सगळे जमत नसेल तर नोकरी सांभाळून काम करत राहण्यात कमीपणा नाही. सरवटे यांच्या रेषेला नोकरीने उणेपणा आला, असे कोणी म्हणणार नाही. मात्र संध्याकाळी काम करतानाही पूर्ण दर मागावा. त्या दरावर दुसऱ्या कोणाची तरी चूल पेटते आहे.

नोकरी सोडण्याचे धैर्य एका रात्रीत येऊ शकते. समोरच्याने ‘मानधन किती द्यायचं?’ असे विचारल्यावर ‘मानधन नको, माझा दर असा आहे’ असे शांतपणे सांगण्याचे धैर्य यायला मात्र आपल्याला पिढ्या लागल्या आहेत. पूर्ण वेळ मुक्त व्यवसायाची सुरुवात त्या वाक्यापासून होते. राजीनाम्याचे पत्र त्यानंतर सावकाश दिले तरी चालते.